धाडच्या बैलबाजारातला जपानी हेर

धाडच्या बैलबाजारात दलाली करणारे उकंडराव एकेकाळी जपानचे हेर होते, हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. फक्त त्यावर कुणाचा विश्वास नव्हता.

बाजाराच्या दिवशी दोन-चार सौदे जुळले की उकंडराव जानरावच्या हॉटेलात बाकड्यावर मांडी घालून बसत, आणि कुणी चहा सांगितला की सिंगापूर सुरू होई. इंग्रजांच्या पलटणीत ते खेचरं हाकायला गेले होते. सिंगापूर पडलं तेव्हा खेचरं आणि उकंडराव, दोन्ही जपान्यांच्या हाती लागले. निदान खेचरांचे तरी हाल कमी झाले, असं ते म्हणत. तिथल्या कैदेत एकदा तंबाखूवरून एका साताऱ्याच्या गड्याशी त्यांचा सौदा लागला. सवयीप्रमाणे दोघांनी हातांवर पंचा टाकला आणि बाजारात बैलाची किंमत ठरवतात तशी खालून एकमेकांची बोटं दाबायला लागले. तेवढ्यात एक जपानी अधिकारी तिथं टपकला. तोंडातून शब्द नाही, चेहरे मख्ख, आणि पंचाखाली बोटं चाललेली. त्याला वाटलं, हिंदुस्थानची मोठी गुप्त भाषाच सापडली. आधी त्यानं उकंडरावांच्या कानफटात दोन ठेवून दिल्या, मग त्यांना पोटभर भात घातला आणि हेरांच्या शाळेत बसवलं. या दलालाला बैलाचे दात मोजण्यापलीकडं काही येत नाही, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? उकंडराव तर मुळीच सांगणार नव्हते. त्यांची मान वाचत होती.

शिक्षण आटोपल्यावर जपान्यांनी त्यांना पाणबुडीत घातलं आणि रबरी होडीतून हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आणून सोडलं. हुकूम असा, की स्टेशनावर बसून लष्कराच्या गाड्या मोजायच्या आणि बिनतारी यंत्रावरून कळवायच्या. उकंडरावांनी यंत्र वाळूत पुरलं, मिळेल त्या गाडीनं मलकापूर गाठलं आणि तिथून धाडपर्यंत पायपीट केली. जपानची लढाई त्यांच्यापुरती तिथंच संपली. ऐकणारे पोट धरून हसत. त्यांची बायको मंजुळाबाई बाजारात मिरच्या विकायची. तीही गिऱ्हाइकांना सांगायची, की आमच्या घरात कामापेक्षा थापाच जास्त.

पासष्ट साली पाकिस्तानशी लढाई जुंपली आणि गावोगाव हेरांची हूल उठली. आमच्या जिल्ह्यात हेरानं येऊन बघायचं काय, तर कापसाची बोंडं. पण वरून हुकूम आला होता आणि नव्या फौजदाराला साहेबांपुढं उभा करायला एक हेर हवा होता. कुणीतरी त्याचे कान भरले. बाजाराच्या दिवशी तो दोन शिपाई घेऊन जानरावच्या हॉटेलात शिरला आणि उकंडरावांना म्हणाला, पाणबुडीतून आलेला तूच ना? चल बुलडाण्याला, पुढं कुठं पाठवायचं ते वरचे ठरवतील.

उकंडराव बाकड्यावरून खाली उतरले. साहेब, या सगळ्या चहासाठी मारलेल्या गप्पा, असं ते हात जोडून सांगू लागले. पण इथं गाव आडवं आलं. वीस वर्षं त्यांची टिंगल करणारं अख्खं हॉटेल छाती फुगवून उभं राहिलं. आपल्या गावचा हेर खोटा निघावा, हे कुणाला सोसेना. एकानं पाणबुडीचा रंग सांगितला. जानराव म्हणाला, "सायेब, तीन देशांच्या पोलिसांले गावला नाही हा मानूस." असल्या साक्षी ऐकून शिपायानं बेडी काढली.

"तुझ्याबरोबर अजून कोण उतरलं होतं?" फौजदारानं विचारलं.

उकंडराव गप्प. ही गोष्ट सांगताना ते आजवर कधी गप्प बसले नव्हते.

गर्दी बाजूला सारत मंजुळाबाई पुढं आली. डोक्यावरचा पदर सारखा करून ती म्हणाली, "सायेब, कायचा जपान अन् कायची पानबुडी? लढाईच्या सालात हे खानदेशात एका बाईच्या घरी राह्यले. तिनं हाकलले तवा वापस आले, अन् लाज झाकाले हे काढलं."

मग फौजदारच असा हसला, की त्याची टोपी सरकली. सगळा बाजार हसला. जानराव तर भट्टीला टेकून हसला. कुठली बाई आपल्या तोंडानं असलं खोटं सांगेल? शिपायानं बेडी परत ठेवली आणि फौजदार चहा न पिताच निघून गेला.

घराच्या वाटेवर उकंडराव बराच वेळ धुमसत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "चारचौघांत माही इज्जत घालवली. म्हंजे तू बी मले खोटाच समजत होती इतके दिस."

मंजुळाबाई थांबली. "खोटे असते तर नेऊ देल्लं असतं. दोन रोजांत सोडलं असतं त्याईनं तुमाले." मग आवाज खाली आणून म्हणाली, "झोपीत तिघांची नावं घेता तुमी. संगं उतरलेले फासावर गेले म्हनता अन् लेकरावानी रडता. कोनाले सांगनार होती मी?"

उकंडराव तिथंच बांधावर बसले. त्यांनी ती तीन नावं जागेपणी पहिल्यांदा उच्चारली, आणि डोक्यावरची मिरच्यांची पाटी खाली उतरवून मंजुळाबाईनं ती ऐकून घेतली.