नव्या घोंगडीचा तुकडा

आमच्या घरात एक गोष्ट सांगतात. रझाकारांच्या धामधुमीत उमरग्याहून एक लॉरी बायकापोरांना घेऊन सोलापूरकडं निघाली आणि नळदुर्गच्या अलीकडं ड्रायव्हरनं ती माळावर मुद्दाम उभी केली. त्यानं लुटारूंना आधीच निरोप धाडला होता, म्हणे. गेल्या दिवाळीत माझ्या नातवानं पाहुण्यांसमोर हीच गोष्ट काढली आणि शेवटी म्हणाला, "आजोबांना विचारा की. गाडी त्यांनीच तपासली होती." मी नेहमीसारखी मान हलवली. मग ताट तसंच ठेवून उठलो.

ती गोष्ट खोटी आहे. खरं काय ते आता माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, म्हणून लिहून ठेवतो. नावं कुणाचीच घालत नाही.

मी तेव्हा पंचविशीच्या आत होतो आणि उमरग्यात कापसाच्या एका जीनमध्ये इंजिनावर फिटर होतो. पेठेतले एक लिंगायत आडते, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांनी दुसरी मोठी लढाई संपल्यावर डिझेलची एक जुनी लॉरी घेतली. आमच्या भागात लॉऱ्या असायच्या त्या पेट्रोलच्या, लढाईच्या काळात काही कोळशाच्या गॅसवर चालायच्या. ही आली तेव्हा लोक तिला 'क्रूडची गाडी' म्हणू लागले. ती चालवायला अण्णांनी जो माणूस ठेवला, त्याला आम्ही उस्ताद म्हणत असू. माझ्यापेक्षा पुष्कळ मोठे, मुसलमान, अंगानं किरकोळ. पण लॉरीचं चाक हातात आलं की आवाज फौजदाराचा.

डिझेलचं इंजिन तेल फार लवकर काळं करतं. पुढं निजामाच्या हद्दीवर हिंदुस्थान सरकारची नाकेबंदी झाली आणि सोलापूरहून इंजिनाचं तेल येणंच थांबलं. उस्ताद काढलेलं तेल डब्यात निवळत ठेवीत आणि वरवरचं परत घालीत. एक दिवस तेल मोजायची पट्टी घेऊन ते जीनमध्ये माझ्यापुढं उभे राहिले.

"मिस्त्री, बोलो ये क्या है? तेल हाय का डांबर?"

"डांबरच म्हणायचं, उस्ताद."

"सडकेवर ओततो मग. निजाम सरकार इनाम देईल."

त्या चेष्टेतूनच मी कामाला लागलो. भंगारातून एका पंपाचं बिडाचं नळकांडं आणलं. त्यात खाली जाळी, तिच्यावर जीनमधला सरकी काढलेला कापूस, त्यावर घोंगडीचे गोल कापलेले तुकडे, असे थर दाबून बसवले. तेलाचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाकडं तांब्याची बारीक नळी जाते. तिला फाटा फोडून तेल या नळकांड्यात आणलं आणि गाळून परत इंजिनाच्या चेंबरमध्ये सोडलं. सगळं तेल एकदम त्यातून जात नव्हतं. बारीक धार चालू राहायची, तरी दिवसभरात सगळं तेल फिरून गाळून निघायचं. आणि नळकांडं तुंबलं तरी इंजिनाला धोका नव्हता, कारण तेलाची मूळ वाट मोकळीच होती. ही शेवटची गोष्ट वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावी. मी ठेवली नाही.

तेल सुधारलं. उस्ताद ती पट्टी हातात धरून पेठेत दुकानोदुकानी फिरले. "देखो, चाय है चाय! हमारे मिस्त्री की करामत!" अण्णांनी मला घरी बोलावून जेवू घातलं. उस्तादांच्या घरी तर मी पूर्वीपासूनच जेवत होतो. त्यांची बायको, आमच्या चाची, माझ्यासाठी वेगळं भांडं काढून त्यात माझ्यापुरतं कालवण करीत. मी मटण खात नाही म्हणून.

कौतुक झालं की माणसाचे हात शिवशिवतात. उमरग्याच्या विहिरींचं पाणी जाडं. इंजिनात त्याचे खवले धरायचे, गंज सुटायचा आणि सगळा गाळ रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसायचा. मी म्हटलं, तेल गाळलं तसं पाणीही गाळू. इंजिनातून रेडिएटरकडं जाणाऱ्या वरच्या रबरी पाइपात मी पितळी जाळीची टोपी बसवली आणि तिच्या आत घोंगडीचा तुकडा. तो माझ्या वडिलांच्या घोंगडीचा होता, वर्षानुवर्षं धुऊन विरलेला. पाणी त्यातून सहज जायचं आणि गाळ अडायचा. उस्ताद अधूनमधून तो काढून झटकायचे. काही महिने सगळं नीट चाललं.

मग रझाकारांच्या धामधुमीचे ते दिवस आले. रोज कुठल्या ना कुठल्या गावच्या लुटालुटीची बातमी यायची. ज्यांचे पाहुणे हद्दीपलीकडं होते ते बायकापोरं तिकडं पोचवू लागले. अण्णांनीही ठरवलं. त्यांची म्हातारी आई, जिला सगळी पेठ अव्वा म्हणायची, घरातल्या सुना, मुलं, शेजारची दोन घरं आणि सोबत अण्णांचा धाकटा भाऊ. उस्तादांनी लॉरी नाक्याच्या अलीकडं न्यायची आणि तिथून सगळ्यांनी आडवाटेनं पलीकडं जायचं.

आदल्या दिवशी मी गाडी बघितली. पाण्याच्या जाळीतला तुकडा फाटला होता. मी बाजारातून आणलेल्या कोऱ्या घोंगडीचा तुकडा कापला आणि बसवला.

कोरी घोंगडी ताठ असते. तिला चिंचोक्याची खळ दिलेली असते. ती गरम पाण्यात सुटते, फुगते, चिकट होते हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक. माझी आई नवी घोंगडी धुतल्याशिवाय कुणाच्या अंगावर पडू देत नसे. पण तेलाच्या नळकांड्यात मी कोरेच तुकडे घातले होते आणि तेलात खळीला काही होत नाही. तीच सवय हाताला लागलेली. धुवायचं माझ्या मनातही आलं नाही.

उस्ताद बाजूला उभे होते. "नवा कपडा!" ते म्हणाले. "आज हमारी गाडी की ईद हो गई."

पुढचं मी लोकांकडून ऐकलं. पहाटे निघालेली लॉरी वाटेतलं येणेगूर गाव मागं टाकेपर्यंत ठीक होती. मग पाणी उकळायला लागलं. उस्तादांनी थांबून विहिरीचं पाणी आणून ओतलं. थोडं पुढं गेली की परत वाफ. असं पुन्हा पुन्हा झालं. अण्णांचा भाऊ चिडला.

"सारखा थांबतोयस ते कुणाची वाट बघतोयस रे?"

"मालक, पानी उबल रहा. अशीच दामटली तर इंजिन जळंल."

"जाळी बघ की मग."

"जाळीत कालच नवा कपडा घातलाय मिस्त्रीनं. त्याचं काय बघायचं?"

माझ्या कामावर विश्वास होता, म्हणून त्यांनी ती उघडली नाही. शेवटी एका चढावर गाडी उभी केली आणि इंजिन निवल्याशिवाय हलायचं नाही म्हणाले. उन्हं वर आली. तेवढ्यात काठ्या-तलवारी घेतलेली माणसं आली. बायकांचे दागिने गेले. भावाचा हात मोडला. उस्ताद मधे पडले, हात जोडले. त्यांना ढकलून दिलं, पण मारलं नाही. पुढं तोच पुरावा झाला. 'बघा, त्याला हात लावला नाही.'

अव्वाच्या गळ्यातली चांदीची डबी तोडून नेली. तिच्यात तिचं इष्टलिंग होतं. लिंगायत माणूस गळ्यातल्या लिंगाची पूजा केल्याशिवाय अन्न घेत नाही, आणि लिंग गमावणं म्हणजे जीव गमावणं असं जुनी माणसं मानत. तिला परत आणलं, मठाच्या स्वामींनी दुसरं लिंग देऊ केलं, पण तिनं तोंड फिरवलं. ती काही दिवसांत गेली.

लॉरी बैल जुंपून जीनच्या आवारात ओढून आणली. अण्णा सुतकातच आले. उस्तादही आले होते, थोडे लांब उभे होते. अण्णांनी मला सांगितलं, "तू बघ. खरंच बिघडली होती का यानं नाटक केलं, एवढंच सांग. तू म्हणशील ते मी मानीन."

मी गाडीखालून, वरून सगळं बघितलं. मग वरचा पाइप सोडवला, ते दोघं माझ्या पाठीमागं होते. जाळीवर पेजेसारखा दाट थर बसला होता. घोंगडीचं एक छिद्रही मोकळं नव्हतं. पाण्याची वाट एकच आणि ती मी बुजवली होती. बोटाला ती खळ लागली तसं मला सगळं कळलं. तुकडा काढून मी खिशात कोंबला, जाळी पुसली, पाइप बसवला, पाणी भरून इंजिन चालू केलं. पुष्कळ वेळ चाललं. पाणी उकळलं नाही.

"काय निघालं?" अण्णांनी विचारलं.

"काही न्हाय, अण्णा. गाडी ठीक हाय."

उस्ताद जवळ आले. "बराबर देखे क्या मिस्त्री? जाळी?"

"जाळी साफ हाय, उस्ताद."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात संशय असता तर मला आयुष्य सोपं गेलं असतं. त्यांनी माझं खरं मानलं. खाली मान घालून म्हणाले, "मग माझ्याच हातून काय तरी चुकलं असंल."

मी घाबरलो होतो. अव्वाचं मरण माझ्या माथी येईल, पेठेत तोंड दाखवता येणार नाही, असं वाटलं. मनाशी म्हटलं, उस्तादांची नोकरी जाईल, दुसरी मिळेल, ड्रायव्हरला काय तोटा. तो तुकडा त्या दिवशी चुलीत घातला. लोकर जळाल्याचा वास घरभर झाला. आईनं विचारलं, काय जाळलंस? मी म्हटलं, तेलकट चिंधी.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी निजामाचं राज्य गेलं. आम्ही गुढ्या उभारल्या. त्यानंतरच्या दिवसांत आमच्या भागात मुसलमानांच्या घरांवर जे गुदरलं ते त्या वेळच्या माणसांना माहीत होतं आणि ती कधी बोलली नाहीत. कितीतरी जणांना काही कारण नसताना नेलं. उस्तादांच्या बाबतीत मात्र लोकांकडं कारण होतं. ते मी दिलेलं होतं.

चाची धावत जीनमध्ये आल्या. डोईवरचा पदर खांद्यावर आला होता, त्याची शुद्ध नव्हती. "उनकू ले जा रहे, मिस्त्री. तुम गाडी देखे थे. तुम चलके बोलो, तुम्हारा सुनेंगे."

मी म्हणालो, "तुमी व्हा पुढं. हात धुऊन आलोच."

माझे हात तेलानं भरलेले होते हे खरं. मी हौदावर गेलो आणि राख घेऊन हात घासू लागलो. तेल कधीच निघालं होतं, तरी घासत राहिलो. तिथं जाऊन बोलायचं म्हणजे आधी मी काय केलं ते सांगायला लागणार होतं. गल्लीत पोचलो तेव्हा चाची दारात एकट्या बसल्या होत्या. उस्ताद परत आले नाहीत. महिन्याभरात चाची मुलांना घेऊन आपल्या भावाकडं निघून गेल्या. मी त्यांना शोधलं असं म्हणणार नाही.

लॉरी पुढं कैक वर्षं चालली. माझं तेलाचं नळकांडं तिच्यावर तसंच होतं. अण्णांनी दुसऱ्या आडत्यांनाही ते दाखवलं आणि मला कामं मिळत गेली. माझं घर त्यावर उभं राहिलं.

नातवाला मी हे वाचायला देणार आहे. त्यानंतर ज्याला ही गोष्ट सांगायची असेल त्यानं अशी सांगावी: लॉरी बंद पडली ती फिटरनं न धुतलेली घोंगडी पाण्याच्या वाटेत घातली म्हणून. ड्रायव्हर तिला जळू देत नव्हता. लुटारू आले तेव्हा तो हात जोडून मधे उभा राहिला. त्याची चूक एकच झाली, त्यानं फिटरवर विश्वास ठेवला.