बेहड्याच्या झाडापाशी एक दुपार

उभं आयुष्य पेणमध्ये गेलं, पण कासूच्या वरचं रान मी पाहिलं ते शाळेतून निवृत्त झाल्यावर. त्या रानात बेहड्याच्या झाडावर धनेश पक्ष्याची मादी ढोलीत बसली आहे, असं एका जुन्या विद्यार्थ्याने कळवलं होतं. अंडी घालायच्या वेळी ही मादी ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. एक फट तेवढी ठेवते आणि त्या फटीतून नर तिला महिनोन्‌महिने भरवतो. एप्रिलातल्या एका सकाळी दुर्बीण आणि पाण्याची बाटली घेऊन मी रोह्याच्या गाडीत बसले. कासू पुढचंच स्टेशन, त्यामुळे नीट टेकायच्या आत उतरायची वेळ झाली.

शेतांतला वालही निघाला होता. बांधाबांधाने चढून माळावर आले. पिवळं गवत, काळा कातळ आणि करवंदीच्या जाळ्या. मोह आवरला नाही आणि एक कच्चं करवंद तोंडात टाकलं, तर ओठ चिकाने चिकटले. माळाची एक बाजू मात्र जळून काळी पडली होती आणि जळका वास अजून येत होता.

माळ संपतो तिथे राखीव रान सुरू होतं. त्याच्या कडेने एक म्हातारे गृहस्थ डोक्यावर पाचोळ्याचा भलामोठा भारा घेऊन येताना दिसले. माझ्यातली बाई लगेच जागी झाली. राखीव रानातलं पानसुद्धा नेऊ नये, यावर मी त्यांना चांगलं सुनावलं. भारा डोक्यावर तसाच ठेवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"रानातला नाय, बाई. माज्या शेतातला हाय. खाली नेतोय," ते म्हणाले.

हे दामूकाका. त्यांचं शेत रानाला लागूनच आहे. दरवर्षी ते तिथे राब भाजतात (पाचोळा, शेण, फांद्या पसरून जमीन भाजायची आणि मग तिथे भाताची रोपं करायची). यंदा त्यांनी गावाखाली मेहुण्याकडून शेताचा एक कोपरा मागून घेतला होता. सगळा पाचोळा डोक्यावरून तिकडे न्यायचा आणि पावसात रोपं पुन्हा डोक्यावरून वर आणायची. का, ते त्यांनी भारा उतरवून सांगितलं. गेल्या वर्षी नेहमीसारखा राब पेटवला आणि वारा खालून वर आहे हे ध्यानात आलं नाही. धूर दिवसभर बेहड्याच्या झाडात भरून राहिला. नर परत आलाच नाही. पुढे कुणीतरी झाडावर चढून ढोलीत पाहिलं.

"आत ती मेली व्हती. दोन पिलं पन," ते म्हणाले. मला कुठे पाहावं कळेना. मघाच्या भाषणाची फार लाज वाटली.

यंदा तिथे दुसरी जोडी आली होती. पण आदल्याच दिवशी माळावर वणवा लागला. गावाने ओल्या फांद्यांनी झोडपून तो विझवला, तरी धूर बेहड्यापर्यंत गेलाच. सकाळपासून काकांना नराच्या पंखांचा आवाज आला नव्हता. डोळ्यांत मोतीबिंदू असल्याने ढोली त्यांना दिसत नव्हती.

"तुमच्याकडं दुर्बीन हाय. बगा जरा."

आम्ही करवंदीच्या जाळीआड बसलो. लिंपलेली ढोली दिसली, बारीक फटही दिसली. फटीत काही हलत नव्हतं. तासाभराने त्यांच्या घरून काकू तांदळाची भाकरी आणि सुकट घेऊन आल्या. "बाईंना आधी दे गो," काका म्हणाले. मी जेवले. त्यांनी भाकरी हातातच धरून ठेवली. खाली माझी परतीची गाडी शिट्टी देऊन गेली. त्यांनी आठवण करून दिली, तर मी म्हटलं, जाऊ दे.

ऊन कलायला लागलं तेव्हा सुपात धान्य पाखडल्यासारखा आवाज आला. काकांनी माझं मनगट घट्ट धरलं. नर खोडावर उतरला, चोचीत उंबर होतं. त्याने फटीपाशी चोच आपटली. काहीच झालं नाही. पुन्हा आपटली. मग आतून चोचीचं टोक बाहेर आलं आणि उंबर आत गेलं.

"घेतलं?"

"घेतलं."

"तिनंच?"

"तिनंच. जिवंत आहे, काका."

त्यांनी हात सोडला आणि वाळलेली भाकरी सगळी खाल्ली. मग उठून भारा डोक्यावर घेतला. मीही हट्टाने एक लहान भारा मागून घेतला. पाचोळा मानेत शिरत होता, पाय घसरत होता आणि मागून येणाऱ्या काकू हसत होत्या. अर्ध्या वाटेत माझा दम गेला. काकांचे असे कितीतरी भारे अजून वरच होते.

पिलं यंदा उडून जातील, मग पुढच्या वर्षी राब आपल्या शेतात भाजता येईल ना, असं मी विचारलं.

"हे झाड ते सोडत नायत, बाई," काका न थांबता म्हणाले. "मंग मलाच हलाया पायजे."

संध्याकाळच्या गाडीने पेणला परतले. मान दोन दिवस अवघडलेली होती. बेहडा पाहायला कसं जायचं, असं मला हल्ली कुणी ना कुणी विचारतं. मी वाट सांगते, आणि वाटेत दामूकाका भेटले तर एक भारा खाली पोचवा, असंही सांगते.