तुपात विरघळणारी गोळी

धारच्या आमच्या गल्लीत बातमी अशी की, लतिकाकाकू सासऱ्यांना चातुर्मासात बळेच तूप चारते. "म्हाताऱ्याचं व्रत मोडलं तिनं, और क्या!" विनोदिनीमावशी पदर तोंडाशी नेऊन सांगायच्या, त्यानं आवाज अजूनच लांब जायचा.

तूप चारते हे खरं. बळेच, हे खोटं.

काकू पीथमपूरच्या औषधांच्या कारखान्यात कामाला. काचेच्या भांड्यात कोमट पाणी, त्यात गोळी, वर फिरतं पातं. गोळी किती विरघळते ते बघायचं. नवरा, अंबरीशकाका, गेल्यापासून ती घरीही तशीच बसे, समोर पातं फिरत असल्यासारखी. रडली नाही, चिडली नाही. भाजीत मीठ राहिलं तरी तिला कळत नसे.

घरात उरले सासरे, शरच्चंद्रआजोबा. त्यांच्या फुप्फुसात बुरशी झाली. डॉक्टर म्हणाले, गोळी तूप-तेलाच्या जेवणाबरोबर घ्या. आजोबांनी मान डोलावली आणि पहाटे पूजेआधी नुसत्या पाण्याबरोबर घेत राहिले. शिवाय गेलेल्या लेकाच्या नावानं चातुर्मासात तूप, तेल, दूध सगळं सोडलेलं. तपासलं तर रक्तात औषध जवळजवळ नव्हतंच. असंच चाललं तर आजोबा वाचत नाहीत, असं डॉक्टरांनी काकूला बाजूला घेऊन सांगितलं.

काकूनं गोळी फोडून पाण्याच्या पेल्यात टाकली. "बघा मामंजी, विरघळत नाही. तळाशी बसते. पोटातही तेच. तूप असलं की त्यात विरघळते, मग रक्तात उतरते."

"आम्ही अंबरीशसाठी शब्द दिलाय, सूनबाई! देह राहो, जावो!"

ही नक्कल मी गल्लीत करून दाखवायचो, 'जावो'नंतरच्या खोकल्यासकट. काकूला म्हणालो, "आजोबा तूप खात नाहीत, लाव पैज. हरलो तर कार्तिकीपर्यंत त्यांची नक्कल बंद."

"बरं," ती म्हणाली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी ती देवापुढे बसली, तळहातावर पाणी घेतलं. "उरलेलं व्रत मला द्या, मामंजी. तूप, तेल, दूध मी सोडते."

"अगं, कोरडं अन्न तुला गिळवेल?"

"मला तशीही कशाची चव लागत नाही."

आजोबांनी ताट पुढे ओढलं. तिनं भातावर तूप वाढलं, शेजारी गोळी ठेवली.

पुढच्या तपासणीत औषध रक्तात उतरलेलं निघालं. काकू पुन्हा "बरं" म्हणाली आणि कंपनीची बस गाठायला गेली.

पैज हरलो. आजोबांची नक्कल कार्तिकीपर्यंत बंद. विनोदिनीमावशींची मात्र शर्तीत नव्हती.