अंग चोरून

शाळेच्या प्रयोगशाळेत मी ओल्या कापसात गुंडाळलेला इवलासा मासा मायक्रोस्कोपखाली ठेवला. "लवकर बघा गं, त्याला पाण्यात सोडायचंय!" त्याच्या शेपटीत केसाहून बारीक रक्तनळ्यांमधून रक्तपेशी एकामागोमाग चालल्या होत्या.

"बाई, ही अडकली!" सुमन ओरडली. मग खुदकन हसली. "नाही, अंग चोरून गेली!"

इतकी वर्षं शिकवतेय, तरी ते बघताना मला दर वेळी टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. पेशी ताठ राहिली असती तर रक्त तिथेच तुंबलं असतं. ती लवते, म्हणून शेपटीच्या टोकालाही प्राणवायू पोचतो, आणि आपल्या बोटांच्या टोकांनाही.

सुमनने मासा पाण्यात सोडला. त्याने फटकारा मारून आम्हाला भिजवलं. तोंडही न पुसता ती स्वतःच्या करंगळीकडे, नवीच ओळख झाल्यासारखी, बघत राहिली.