मुद्दाम चुकवलेली गणितं

शाळेच्या प्रयोगशाळेत दोन गोष्टी आपोआप साठतात. रिकाम्या बाटल्या आणि किस्से! बाटल्या आमचे प्रयोगशाळा परिचर शिवामामा दर दिवाळीच्या सुट्टीत काढून टाकतात. किस्से कोण काढणार? स्टाफरूममध्ये बाकीचे शिक्षक मुलांच्या फजितीचे किस्से सांगतात. मी उचगावजवळच्या एका शाळेत नववीला रसायनशास्त्र शिकवतो, आणि माझ्याकडचे बहुतेक किस्से माझ्याच फजितीचे आहेत. सुरुवातीचे सांगताना मी पण हसतो. शेवटचे सांगताना हसू येत नाही.

*

मोल शिकवायला घेतला की वर्ग झोपतो, हा माझा अनुभव. म्हणून एका वर्षी जरा रंगवून सांगायचं ठरवलं. म्हटलं, "डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे एक मोठ्ठा आकडा. सहावर तेवीस शून्यं! आता समजा, कुणी एक मोल ऊस लावला, तर कारखाना किती वर्षं गाळप करेल?"

वर्ग विचारात पडला. मागच्या बाकावरचा ओंकार उठला. त्याच्या घरी चार एकर ऊस.

"सर, ते गाळपाचं ऱ्हाऊ दे. एवढ्याला तोडायला टोळी कुठनं आणायची?"

वर्ग खो खो हसला, मीही हसलो. मग पहिल्या बाकावरून हात वर आला. गायत्री. वडील शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत भट्टीवर कामाला, पोरगी शांत, अक्षर मोत्यासारखं.

"सर, तोंडानं तेवीस म्हणालासा, फळ्यावर घात बावीस लिवलाय."

बघतो तर खरंच! आणि माझ्या तोंडून पटकन निघालं, "शाब्बास! मुद्दाम चुकवलं होतं. कोण लक्ष देतंय ते बघत होतो."

साफ खोटं. पण इतकं सहज खपलं की मला ते वाक्य आवडूनच गेलं.

*

मग काय, सवयच लागली. रेणुवस्तुमानाची बेरीज चुकली? मुद्दाम! समीकरण संतुलित झालं नाही? मुद्दाम! आठवड्यातून दोनदा तरी मी मुद्दाम चुकायला लागलो.

शाळेच्या तपासणीला एक साहेब आले, ते नेमके माझ्या तासाला. त्यांनी पोरांना विचारलं, "दोन मोल पाणी म्हणजे किती ग्रॅम?"

"छत्तीस!" वर्ग एका सुरात ओरडला. माझी छाती फुगली.

साहेब माझ्याकडं वळले. "वा! सर, मग एवढं पाणी म्हणजे साधारण किती, तुम्हीच सांगा की मुलांना."

मी जोशात हात हवेत पसरून म्हणालो, "असेल की दोन लिटर!"

वर्ग गप्प. साहेब गप्प. गायत्रीनं हळूच हात वर केला.

"सर, छत्तीस ग्रॅम म्हंजे छत्तीस मिली. दोन घोट."

"मुद्दाम..." मी सुरुवात केली. साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं की वाक्य तिथंच राहिलं. जाताना ते एवढंच म्हणाले, "विद्यार्थी हुशार आहेत तुमचे." त्या दिवशी मला डबा गेला नाही.

*

पुढच्याच चाचणीत ओंकारनं पाचच्या पाच गणितं चुकवली. एकही पायरी धड नाही! आणि शेवटी ठळक अक्षरात लिहिलं होतं, "सर, मुद्दाम चुकवलं आहे. तुमचं लक्ष आहे का ते बघत होतो."

मी त्याला उभा केला. "काय रे, शिक्षकांची चेष्टा करतोस?"

"चेष्टा न्हाय सर. तुमाला चालतंय, मग मला का न्हाय?"

मी त्याला अंगठे धरून उभा केला. 

*

त्याच चाचणीत दोन मार्कांचा एक प्रश्न होता. 'निळ्या मोरचुदाचे (कॉपर सल्फेटचे) एक मोल म्हणजे किती ग्रॅम?' मी काढलेलं उत्तर होतं एकशे साडेएकोणसाठ. सगळ्या वर्गानं मी वहीत लिहून दिलेलं तेच उतरवलं. गायत्रीनं लिहिलं दोनशे साडेएकोणपन्नास. मी त्यावर लाल फुली मारली.

पेपर वाटले तशी ती उठली. "सर, बाटलीवरच्या सूत्रात फुडं पाण्याचे पाच रेणू लिवल्यात की. त्यांचं नव्वद मी धरलं."

मोरचुदाची बाटली माझ्या मागच्या कपाटात होती. नुसती मान वळवायची होती. पण साहेबांसमोरची ती शांतता माझ्या डोक्यात अजून बसलेली होती, आणि हीच पोरगी तिसऱ्यांदा मला दुरुस्त करत होती.

"बाटल्या वाचून पेपर लिहायचा नसतो!" मी ओरडलो. "फार शहाणी झालीस! आधी साधी बेरीज शीक. बस खाली."

वर्ग हसला. ती बसली. त्यानंतर वर्षभर तिचा हात वर आला नाही.

*

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर शिवामामांनी मला प्रयोगशाळेत हाक मारली. त्यांनी बर्नर पेटवला होता, वर चिनी मातीची बशी, बशीत मोरचूद. हळूहळू निळ्याचं पांढरं झालं, वाफ उडून गेली. थंड झाल्यावर त्यांनी ते काट्यावर ठेवलं.

"सर, दहा ग्रॅम घातलंतं. आता सहा पॉइंट चार भरतंय. उरलेलं काय मी खाल्लो व्हय?"

गेलं ते पाणी होतं. गायत्रीनं धरलेलं.

"पोरगीचं बरूबर हाय सर," मामा म्हणाले. "सांगा तिला."

"उद्या सांगतो वर्गात."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेलो, पहिल्या बाकाकडं न बघता पुढचा धडा काढला. कारण विचारू नका. 'मुद्दाम' म्हणायचंही तोंड नव्हतं, आणि 'चुकलं' म्हणायची सवय नव्हती.

*

आठवड्यानं तिचे वडील शाळेत आले. फाउंड्रीतून थेट, बाह्यांवर काळे डाग तसेच.

"सर, गायत्री म्हणती, मला केमिस्ट्री जमत न्हाय. धाव्वीनंतर सायन्सला जाणार न्हाय म्हणती. तिला जमंल का न्हाय, तेवढं तुमी सांगा. तुमी म्हणशीला तसं करतो."

एका वाक्याचं काम होतं. तिचं बरोबर होतं, माझं चुकलं. मी म्हणालो, "तशी हुशार आहे. पण जरा घाई करते गणितात."

ते म्हणाले, "आमच्याकडं भट्टीत माप चुकलं, तर आमी लगीच सुपरवायझरला सांगतो. न्हायतर सगळा माल भंगारात जातोय."

"बरोबर आहे," मी म्हणालो. मला वाटलं, साधा माणूस, सहज कामाचं बोलतोय! मी चहा मागवला. त्यांनी घेतला नाही.

पुढं तिनं सायन्सच घेतलं, असं कानावर आलं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

*

यंदा, म्हणजे आठ-नऊ वर्षांनी, नववीची क्षेत्रभेट कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत काढली. तांब्याचा मुलामा चढवायचा एक कारखाना. तिथल्या लॅबच्या दारात पांढऱ्या कोटात उभी होती गायत्री! पोरांसमोर मला वाकून नमस्कार केला. मला जमिनीत जावंसं वाटलं.

टाक्यांत निळंशार पाणी होतं. मोरचुदाचंच. किती तांब्याला किती मोरचूद लागतो, ते ती फळ्यावर करून दाखवायला लागली. बोलता बोलता पाचशे मिलीच्या जागी पाच लिटर धरून पुढं गेली. आमच्या वर्गातल्या एका मुलीनं हात वर केला.

"मॅडम, पाचशे मिली म्हंजे अर्धा लिटर की."

"आगं व्हय की! चुकलं माझं," गायत्री हसली, पुसलं आणि नीट लिहिलं. "नाव काय तुझं? हात असाच वर करत जा, बाई."

तेवढ्यात मागून, माझं ते वाक्य पाठ असलेल्या एकानं मला मोठ्यानं विचारलं, "सर, मॅडम मुद्दाम चुकल्या काय?"

सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली. गायत्रीही, हातात डस्टर तसाच.

"नाही," मी म्हणालो. "त्यांचं खरंच चुकलं. माझंही दर वेळी खरंच चुकायचं. आणि गायत्री, तुझं ते मोरचुदाचं उत्तर बरोबर होतं. शिवामामांनी मला त्याच दिवशी तापवून दाखवलं होतं."

"ठाऊक हाय सर," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी मामांनी मलाबी दावलंतं."

"म्हणजे तुझे पप्पा आले होते तेव्हा..."

तिनं डस्टर खाली ठेवला.

"पप्पांनाबी मी सांगितलंतं सर. म्हणून तर ते शाळेत आलते."