चपलांच्या कपाटातला सर्व्हर

माझ्या ताईच्या नवऱ्याला तोंडावर सगळे भावोजी, दादा, काका असं नात्याप्रमाणे म्हणतात, आणि पाठीमागे 'चालेल'. ऑफिसांतले प्रिंटर आणि झेरॉक्सची मशीनं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. बोटांच्या पेरांत शाईची काळी पूड कायमची बसलेली, खांद्याला अवजारांची बॅग, आणि कोणी काही मागितलं की मान आधी हलते, तोंड मागून म्हणतं, चालेल. शेजाऱ्याचा पंखा, चुलतभावाचा मोबाइल, खालच्या गेटची घंटा. ताई म्हणते, "ह्यांच्याकडे उद्या कोणी किडनी मागितली, तर हे विचारतील, पिशवी आणलीय का."

एका ऑफिसने भंगारात काढलेला कॉम्प्युटर ते घरी घेऊन आले. त्यात दोन डिस्क बसवल्या आणि घरच्या फोटोंसाठी सर्व्हर तयार केला. एका डिस्कवर जे लिहिलं जाईल तेच आपोआप दुसरीवरही, म्हणजे एक गेली तरी दुसरी हाताशी. ठेवायला जागा मिळाली ती दाराजवळच्या चपलांच्या कपाटात, कारण वायफायचा डबा त्याच्यावरच होता. मग गोतावळा जमला. ताईचा दीर लग्नांचं शूटिंग करतो, त्याने आपले सगळे व्हिडिओ तिथे ओतले. समोरच्या काकूंनी परदेशातल्या नातवाचे फोटो दिले. आमच्या कामगार बायकांच्या संघटनेची खोली मालकाने काढून घेतली तेव्हा मीही आमची रेकॉर्डिंग घेऊन त्याच दारात उभी राहिले. भावोजी म्हणाले, चालेल. ताई म्हणाली, "ह्या घरात चपला ठेवायला जागा नाही, पण जगाचा संसार मावतो."

त्या रेकॉर्डिंगमध्ये एक मावशींचं होतं, आणि ही सगळी गोष्ट त्याच्यासाठी आहे. दवाखान्याच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लॉन्ड्रीत मावशी इस्त्रीच्या मशीनवर होत्या. तिथे वाफेचा पाइप फुटला. मागचं दार बंद होतं, म्हणून आत अडकलेल्या बायका भाजल्या. कंत्राटदार म्हणाला, दार बायकांनीच आतून लावलं होतं, त्यांना आत बसून गप्पा छाटायच्या होत्या. आणि त्याच कारणावरून त्याने सगळ्यांना कामावरून काढलं. सुपरवायझरला दार बाहेरून लावताना मावशींनी स्वतः पाहिलं होतं. ते त्यांनी मला सविस्तर सांगितलं, मी रेकॉर्ड केलं. नंतर मावशींना झटका आला आणि वाचा गेली. आम्ही लेबर ऑफिसात तक्रार केली तेव्हा त्यांचं बोलणं कागदावर उतरवून दिलं होतं, पण कंत्राटदाराचा वकील म्हणाला, कागदावर कोणीही काहीही लिहितं. अधिकारी म्हणाले, मूळ आवाज आणा. मूळ आवाज चपलांच्या कपाटात होता. माझ्या रेकॉर्डरवरचा मी कधीच पुसला होता, पुढच्या बायकांसाठी जागा करायला.

सुनावणीच्या आठवड्यात मी ताईला फोन केला, की येतेय, भावोजींना ते काढून ठेवायला सांग. ताई म्हणाली, "ये. पण चिडायचं नाही असं ठरवून ये."

मी गेले तर कपाट उघडं, चपला भिंतीला लावून ठेवलेल्या, आणि भावोजी जमिनीवर मांडी घालून बसलेले. सर्व्हरमधून टक टक टक असा आवाज येत होता. मध्येच थांबायचा, घशात काही अडकल्यासारखा घरघरायचा, परत टक टक.

"दुसरी डिस्क आहे ना?" मी विचारलं. "एक गेली तर दुसरी म्हणाला होतात."

"हीच दुसरी," ते म्हणाले.

पहिली कधीच गेली होती. ती गेली तेव्हा मशीन शिट्टी मारायला लागलं. मारायलाच हवं, ते त्याचं कामच. पण भावोजींची आई दुपारी तिथेच बाजूला पडते. तिने सांगितलं, ती पिपाणी बंद कर बाबा, डोळा लागत नाही. भावोजी म्हणाले, चालेल. शिट्टीची वायर काढली, नवी डिस्क रविवारी आणू असं ठरवलं. त्या रविवारी कोणाचा तरी फ्रिज बिघडला. पुढच्या रविवारी कोणाची तरी मोटार. मशीन बिचारं एका पायावर उभं राहिलं, आणि ओरडायचीही सोय उरली नाही.

हे कमी म्हणून की काय, मी पोचायच्या आधी त्यांनी ते दोनदा उघडून दाखवलं होतं. दीर आला, म्हणाला, फक्त माझं आहे का बघ, एकदाच. काकू आल्या, म्हणाल्या, नातवाचा एक तरी फोटो दिसू दे, जिवाला बरं वाटेल. दोघांनाही चालेल. दर खेपेला टकटक वाढली.

"म्हणजे ही मरायला टेकलीय आणि तुम्ही हिला भेटायला माणसं सोडताय," मी म्हणाले.

त्यांनी उठून आतून जुना लॅपटॉप आणि एक नवी कोरी डिस्क आणली. सर्व्हर बंद केला, आजारी डिस्क बाहेर काढली, वायरने लॅपटॉपला जोडली, टेबलफॅनचं तोंड तिच्याकडे केलं आणि खाली एक ओला नॅपकिन घडी करून ठेवला, तो परत काढला, जागा पुसून कोरडा ठेवला. हात चुकत होते. असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"आता काय?" मी म्हणाले. "मावशींची फाइल काढा. बाकीचं सावकाश करा."

"अख्खी नकल काढतोय. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. जिथे वाचता येत नाही ते सोडून पुढे जाईल, मग सोडलेल्यावर परत येईल."

"किती वेळ?"

"दिवस लागतील. गरम झाली की थांबवावी लागेल."

"परवा सुनावणी आहे."

"माहीत आहे."

"भावोजी, एक फाइल. नाव मी सांगते, फोल्डर मी सांगते. तेवढी उचला, मग खुशाल आठवडाभर नकल काढत बसा."

"नाही," ते म्हणाले.

आतल्या खोलीत ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले. मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं.

"काय म्हणालात?"

"नाही म्हणालो, धाकटे." त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, लॅपटॉपकडे बघत बोलले. "आत एक सुई असते असं समज. ती लंगडतेय. सरळ चालू दिली तर जमेल तेवढं उचलत जाईल. हे आण, ते आण म्हणून पळवली तर पडेल. पडली की सगळंच संपलं. मावशीही."

"आणि नाही पडली तर?"

"नाही पडली तर तुझं बरोबर होतं."

मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. शिट्टी कापताना हे शहाणपण कुठे गेलं होतं, दिराला दाखवताना सुई लंगडत नव्हती का, आईला एक दुपार जाग आली असती तर आभाळ कोसळलं असतं का. भाजलेल्या बायकांनी तुमचं काय घोडं मारलंय, की आयुष्यातला पहिला नकार त्यांच्या वाट्याला. सगळं खरं होतं, म्हणून जास्त लागणारं होतं. ते खाली मान घालून ऐकत राहिले. मला वाटलं, आता मान हलेल. नेहमी हलते. एवढं बोलल्यावर दगडाचीही हलली असती.

ते म्हणाले, "दाराशी उभी राहू नकोस, फॅनची हवा अडतेय."

ताई मला सोडायला जिन्यापर्यंत आली. "मला वाटलं होतं, हे मला कधीतरी नाही म्हणतील," ती म्हणाली. "ते पण तुझ्याच नशिबात."

सुनावणीला मी रिकाम्या हाताने गेले. मावशी बाकावर बसल्या होत्या, तोंड एका बाजूला ओढलेलं, मांडीवरचा एक हात दुसऱ्याने धरून ठेवलेला. त्यांना घेऊन त्यांची मुलगी आली होती. अधिकाऱ्यांनी विचारलं, आवाज आणला? मी म्हणाले, डिस्क बिघडलीय, काढायचं काम चालू आहे. कंत्राटदाराचा वकील खाली बघून हसला. अशा खोल्यांत मी बरीच वर्षं काढली आहेत, ते हसू मला ओळखीचं आहे. मी भांडले, घसा बसेपर्यंत. शेवटी अधिकाऱ्यांनी पुढची तारीख दिली आणि सांगितलं, ही शेवटची.

पायऱ्यांवर मावशींची मुलगी म्हणाली, "आईला इथवर आणायला शेजाऱ्यांची गाडी मागावी लागते. नसेल मिळत तर नसेल म्हणून सांग. आम्हाला सवय आहे." तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. नुसता शीण होता.

पुढचे दिवस मी ताईकडे गेले नाही. तिच्या फोनवरून कळत होतं. डिस्क थोडी चालते, तापते, मग हे बंद करतात, गार होऊ देतात, परत लावतात. सकाळी कामाला जाताना बंद, आल्यावर चालू. "बाळंतिणीला जपावं तसं चाललंय," ताई म्हणाली. "माझ्या बाळंतपणात हा माणूस एवढा जागला नव्हता." दीर येऊन भांडून गेला. काकू येऊन रडून गेल्या. दोघांनाही तेच उत्तर मिळालं. सासूबाई मात्र सुनेला म्हणाल्या, तू काही बोललीस का त्याला, असा का वागतोय.

एका दुपारी भावोजींचाच फोन आला. "ये," एवढंच म्हणाले.

आजारी डिस्क बंद करून बाजूला ठेवलेली होती. आता ती फिरतच नव्हती. जेवढं निघायचं होतं तेवढं नव्या डिस्कवर आलं होतं. ते म्हणाले, मी अजून काहीच उघडलेलं नाही, आधी तुझं बघू. मावशींची फाइल होती. त्यांनी ती लावली.

मावशींचा आवाज आला. खणखणीत, जरा भांडकुदळ, वाक्यावाक्याला "लिहिलंस का?" विचारणारा. मी तो विसरले होते. बाकावरच्या बाईला बघून बघून मला त्यांचा आवाज तसाच असणार असं वाटायला लागलं होतं. त्या सांगत गेल्या, मशीन कुठे, दार कुठे, कोण कुठे उभी. मग नेमकं "किल्ली होती ती" म्हणाल्या आणि आवाज फाटला, किरकिर झाली, पुढे नुसती शांतता. मी डोळे मिटले. मग आवाज परत आला. "त्याने बाहेरून लावलं, मी आडव्या खिडकीतून पाहिलं. हाक मारली तर म्हणाला, काम संपवा, मग उघडतो. लिहिलंस का?"

आम्ही ते परत लावलं, परत ऐकलं. बाहेरून लावलं, हे होतं. किल्ली कोणाकडे होती ते नाव गेलं होतं.

"आधीच ही एकटी काढली असती तर नाव मिळालं असतं?" मी विचारलं.

भावोजींच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, दाढी वाढली होती. "मिळालं असतं कदाचित," ते म्हणाले. "नाहीतर काहीच मिळालं नसतं. मला खरंच माहीत नाही, धाकटे."

ते खोटं बोलून सुटू शकले असते. मी भांडायला तयार होऊन आले होते, पण ह्या उत्तराशी भांडता येत नाही.

बाकीच्यांचं थोडं आलं, थोडं गेलं. दिराची काही लग्नं अर्ध्यातच राहिली. नातवाचे फोटो बहुतेक सगळे निघाले, तरी काकू गेलेल्या फोटोंसाठीच हळहळत बसल्या. घरचं भावोजींनी सगळ्यात शेवटी बघितलं. मुलीच्या शाळेतले व्हिडिओ नव्हते. ताई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी मला फोन करून म्हणाली, "जगाचं वाचलं, आमचंच पाणी झालं," आणि मग भाजीत मीठ किती टाकू अशा सुरात, "जाऊ दे, पोरगी तरी समोर आहे."

शेवटच्या तारखेला अधिकाऱ्यांनी ते रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. वकील म्हणाला, मध्ये कापलंय. अधिकारी म्हणाले, जे राहिलंय ते मला ऐकू येतंय. दार बायकांनी लावलं नव्हतं असं त्यांनी लिहिलं, आणि बायकांना कामावर परत घ्या असंही. लावलं कोणी, ह्यापुढे जागा कोरी राहिली. सुपरवायझर अजून तिथेच आहे. बायका रोज त्याच्यासमोरून आत जातात. ह्याला जिंकणं म्हणायचं का, मला विचारू नका. मी त्या दिवशी घरी येऊन झोपले.

पुढच्या रविवारी मी भावोजींकडे गेले. संघटनेला अजून खोली नाही, तेव्हा डिस्क तुमच्याकडेच राहू द्या, असं म्हणायला. कपाटात चपला होत्या, रांगेत. सर्व्हर नव्हता.

"तो मोडून टाकला," ते म्हणाले. त्यांनी आतून कापडी पिशवी आणली. तिच्यात दोन डिस्क, प्रत्येक जुन्या टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळलेली. "दोन्हींवर तुझं सगळं आहे. एक तू ठेव, एक त्या बायकांपैकी कोणाकडे तरी. एका छपराखाली नको. माझ्याकडे नको."

"भावोजी, थोडे दिवस."

"नाही," ते म्हणाले, आणि ह्या वेळी मान सरळ ठेवून. मग कोचावर आडवे झाले. मी पाणी पिऊन उठेपर्यंत त्यांना झोप लागली होती. बेल वाजली, दारात कोणीतरी हातात बंद पडलेला मोबाइल घेऊन उभं. ताईने बोट ओठावर ठेवलं आणि दार लोटून घेतलं.

दुसरी डिस्क घेऊन मी मावशींकडे गेले. मुलीने ती उलटीपालटी करून पाहिली.

"हिच्यात आई बोलते?"

"बोलते. आणि बाकीच्याही."

"मी ही कुठे ठेवू?"

"कोरड्या जागी. दर काही महिन्यांनी लावून बघायची."

तिने कपाट उघडून कपड्यांच्या मागे ती सारली. "आणि बिघडली तर?"

"माझ्याकडे दुसरी आहे."

"आणि तुझी बिघडली तर?"

"तुझ्याकडे ही आहे."

ती कपाटाला टेकून जराशी हसली. "म्हणजे आता आपण दोघींनी एकदम आजारी पडायचं नाही." खाटेवरून मावशींनी घशातून काहीतरी आवाज काढला. मुलगी वळून म्हणाली, "हो, तू पण नाही," आणि त्यांना पाणी द्यायला गेली.