चीजच्या काडीचा पराक्रम

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या मराठी मंडळींत बिघडलेली वस्तू उल्हासरावांकडे न्यायची, अशी वहिवाटच होती. चिप बनवणाऱ्या यंत्रांचे हे इंजिनिअर मित्रांच्या इस्त्र्या, टोस्टर, हेडफोन मोठ्या हौसेनं उघडत. त्यातल्या काही पुन्हा जोडल्याही जात. मग पुण्याहून अंबरीश आला. तरुण, हलक्या हाताचा, आणि पहिल्याच भेटीत त्यांना ‘काका’ म्हणाला. तेव्हापासून उल्हासरावांच्या पोटात जे दुखत होतं, त्यावर औषध नव्हतं.

वीणाच्या वाढदिवसाला सगळे डच पद्धतीनं गोल करून बसले होते. मध्ये चीजचे तुकडे, प्रत्येकात लाकडी काडी. वीणाचा नवरा सतीश याची ई-सिगारेट बंद पडली होती. बटण दाबलं की दिवा मिचमिचायचा, वाफ मात्र नाही. ती घेऊन तो उठला आणि उल्हासरावांच्या पुढ्यातून सरळ अंबरीशकडे गेला. उल्हासरावांनी पुढे केलेला हात चीजकडे वळवला.

अंबरीशनं बॅटरी चार्ज आहे का पाहिलं, कापसानं तिचं तोंड पुसलं, वरची द्रवाची नळी पुन्हा जोडली. दिवा मिचमिचलाच.

“गेली. सुपरमार्केटमधल्या जुन्या बॅटऱ्यांच्या डब्यात टाका.”

“अंबरीश म्हणतोय म्हणजे गेलीच,” सतीश म्हणाला.

हे वाक्य इतकी वर्षं उल्हासरावांच्या नावानं म्हटलं जायचं.

“इकडे आण,” ते म्हणाले. “ही नळी लोणच्याच्या बरणीसारखी पिळून बसवतोस ना?”

“गळते म्हणून जरा...”

“मधली पिन आत दबलीय. नळीला टेकतच नाही.” सतीशनं पिन उचकायला चीजची सुरी उचलली. “सुरी ठेव खाली, शॉर्ट होईल.”

त्यांनी बॅटरी बंद केली, चीजची काडी पुसली आणि तिनं पिन केसभर वर उचलली. नळी हलकेच फिरवली. सतीशनं झुरका घेतला आणि वाफेच्या ढगात दिसेनासा झाला.

उल्हासराव कौतुकासाठी थांबले.

“अंबरीशनं आधी पुसली होती ना, म्हणून झाली,” वीणा म्हणाली.

“काका, भारी हां,” अंबरीश म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. ते जास्त झोंबलं.

सायकलींची कुलपं काढताना उल्हासरावांची बायको मृदुला म्हणाली, “मी काय म्हणते, दिवाळीपासून तुम्ही उघडून ठेवलेला तो मिक्सर अंबरीशला दाखवू या का?”

सकाळी ती उठली तेव्हा मिक्सर घरघरत होता. चटणीसुद्धा वाटून झाली होती. उल्हासराव प्रसन्न मुद्रेनं कॉफी पीत होते, आणि उरलेला एक स्क्रू त्यांच्या खिशात होता.